नव्या थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थेरपिस्टचा नंबर मिळाला, वेळ ठरली, आणि आता त्या दिवसापर्यंत मनात एकच घोळ चालू आहे: तिथे जाऊन बोलायचं काय? हे पान त्यासाठी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आणि जुना थेरपिस्ट सोडून नव्याकडे जाणाऱ्यांना, दोघांनाही ते उपयोगी पडेल. भर प्रौढ व्यक्तीच्या वैयक्तिक थेरपीवर आहे, मुलांबद्दल एक वेगळा प्रश्न आहे.

आत्ता, या क्षणी जीव द्यावासा वाटत असेल तर वाचत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. काही गिळलं असेल किंवा इजा करून घेतली असेल तर १०८ किंवा ११२.

पहिल्या भेटीत नेमकं काय होतं?

पहिली भेट साधारण ५० ते ९० मिनिटांची असते, पुढची सेशन ४५ ते ६० मिनिटांची. सुरुवातीला फॉर्म भरून घेतात: नाव, वय, पत्ता, अडीअडचणीला कळवायच्या माणसाचा फोन, संमतीपत्र. संमतीपत्रावर घाईत सही करू नका. गुप्तता, फी आणि सेशन रद्द करण्याचे नियम त्यातच असतात. दहा मिनिटं आधी पोचलात तर ते शांतपणे वाचता येतं.

मग थेरपिस्ट विचारतात, ‘काय त्रास होतोय, कधीपासून?’ आणि बहुतेक वेळा, ‘आत्ताच का आलात?’ या दुसऱ्या प्रश्नाशी पुष्कळ जण अडखळतात. त्रास चार वर्षांचा असतो, मग फोन याच महिन्यात का केला? बायको म्हणाली म्हणून, नोकरी जायची वेळ आली म्हणून, की मुलावर हात उगारला गेला म्हणून? याचं उत्तर घरून निघतानाच मनाशी असू द्या. कामाची दिशा बऱ्याचदा त्यातूनच ठरते.

त्यानंतर झोप, भूक, वजन, कामावरचं लक्ष, घरातली माणसं, शिक्षण, नोकरी, लहानपण, आजारपणं, औषधं, दारू-तंबाखू, घराण्यात कोणाला मानसिक त्रास होता का, अशी चौकशी होते. ‘मला ऑफिसचा ताण आहे आणि हे आजीबद्दल काय विचारतायत?’ असं वाटू शकतं. पण काही आजार घराण्यात वारंवार दिसतात, आणि लहान वयात कोणाच्या तरी जाण्याने बसलेला धक्का आजच्या भीतीच्या मुळाशी असू शकतो. म्हणून ते विचारतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर ‘हे आज नको’ एवढं म्हणा. तेवढं पुरतं.

शेवटच्या दहा मिनिटांत थेरपिस्ट आपल्याला काय समजलं ते सांगतात आणि पुढे किती दिवसांनी भेटायचं, कशावर काम करायचं हे सुचवतात. पहिल्या भेटीत उपाय मिळेल अशी आशा धरून गेलात तर हिरमोड होईल. एका तासात माणूस समजत नाही, आणि ‘तुम्ही असं करा’ असा तयार सल्ला पहिल्याच दिवशी देणाऱ्यापासून सावधच राहावं.

थेरपिस्ट, काउन्सेलर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकॅट्रिस्ट: माझ्यासमोर यातलं कोण असणार?

हे जाण्याआधी माहीत हवंच.

सायकॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. औषधं तेच लिहून देऊ शकतात. सरकारी ओपीडीत त्यांच्याकडे गर्दी असते, त्यामुळे भेट पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. तो तुमच्या बोलण्याचा अपमान नाही, तिथलं काम वेगळं आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर रुग्णालयात राहून केलेलं प्रशिक्षण घेतलेले असतात. आतापर्यंतच्या बहुतेकांकडे दोन वर्षांची एम.फिल. दिसेल. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ते चाचण्या घेतात, निदान करतात, थेरपी देतात. औषध देत नाहीत.

काउन्सेलर किंवा समुपदेशक यांच्याकडे साधारणपणे मानसशास्त्रातली एम.ए. किंवा एम.एससी. असते, काहींकडे समाजकार्यातली पदवी. यांतले उत्तम लोक उत्तम काम करतात. पण यांच्यासाठी डॉक्टरांसारखी नोंदणीची सक्ती आपल्याकडे आजवर नीट नव्हती. त्यासाठीची चौकट २०२१च्या राष्ट्रीय कायद्याने आखली गेली आहे. नोंदणीची सक्ती नीट नसल्यामुळे दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही दारावर ‘लाइफ कोच व समुपदेशक’ अशी पाटी लावतो. चौकशी तुम्हालाच करावी लागते.

‘थेरपिस्ट’ हा शब्द वरच्या कोणालाही लावला जातो.

पात्रता विचारली तर राग येणार नाही का?

चांगल्या थेरपिस्टला येत नाही. रोजच कोणी ना कोणी विचारत असतं. फोनवर किंवा मेसेजमध्ये सरळ विचारा: ‘आपलं शिक्षण काय, कुठून झालं, आरसीआय नंबर आहे का, माझ्यासारख्या त्रासावर किती वर्षं काम करताय?’ आरसीआय नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते, डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत. समुपदेशकाला आणखी एक प्रश्न विचारा: ‘आपण कोणाच्या सुपरव्हिजनखाली काम करता?’ अनुभवी व्यक्तीकडून आपलं काम नियमितपणे तपासून घेणारा समुपदेशक त्याचं उत्तर लगेच देतो. उत्तराऐवजी ‘विश्वास ठेवा’ एवढंच ऐकू आलं तर दुसरा नंबर शोधा.

वेळ घेतानाच आणखी काय विचारून ठेवू?

फी किती आणि ती आधी भरायची की नंतर. सेशन किती मिनिटांचं. रद्द करायचं झालं तर किती तास आधी कळवायचं (बहुतेक ठिकाणी २४ तास, नाहीतर पूर्ण फी लागते). मराठीत बोलता येईल ना. जागा कुठे, जिना किती, आणि बाहेर बसायची जागा इतर दवाखान्यांबरोबर सामाईक आहे का. शेवटचा प्रश्न तालुक्याच्या गावी फार महत्त्वाचा ठरतो. बाकावर शेजारी ओळखीचा माणूस बसलेला दिसला की लोक दारातूनच परत फिरतात. अशी धास्ती असेल तर सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची वेळ मागा.

वेळ अशी घ्या की नंतर निदान अर्धा-पाऊण तास मोकळा राहील. एक वाजता सेशन संपवून सव्वा वाजता ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसणं जमत नाही. मग सेशनची शेवटची वीस मिनिटं घड्याळ बघण्यात जातात.

काय लिहून नेऊ? वहीच भरली आहे.

वही नेऊ नका, एक पान न्या. दहा पानं लिहून नेली की ती वाचून दाखवण्यात तास संपतो आणि थेरपिस्टला तुमच्याशी बोलायला वेळच उरत नाही. उलट, काहीच न लिहिता गेलात तर घाबरून महत्त्वाचं राहून जातं आणि रिक्षात बसल्यावर आठवतं.

पानावर पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, त्रास, घरी ज्या शब्दांत सांगाल त्याच शब्दांत. ‘मला एन्झायटी डिसऑर्डर आहे’ यापेक्षा ‘साहेबांचा फोन वाजला की छातीत धडधडतं, हात गार पडतात, अर्धा तास काही सुचत नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा, दिवाळीनंतर सुरू झालं’ हे कितीतरी उपयोगाचं. यात काय होतं, कधी होतं, किती वेळा आणि केव्हापासून, हे चारही आलं.

दुसरी, गेल्या दोन आठवड्यांतला एक ताजा प्रसंग. सगळ्यात वाईट प्रसंगच हवा असं नाही, नेहमीसारखा चालेल. कुठे होतात, आधी काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, अंगात काय झालं, मग तुम्ही काय केलंत, आणि नंतर काय झालं. मुद्दा असा की ‘सतत टेन्शन असतं’ यावर थेरपिस्टला काम करता येत नाही, मंगळवारी रात्री नऊ वाजता काय झालं यावर करता येतं. विचार आणि भावना यांचा संबंध तपासणाऱ्या पद्धती अशाच एकेका प्रसंगावर चालतात. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) ही त्यातली एक. दुसरी आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी), अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली.

तिसरी, आजवर करून पाहिलेले उपाय. औषधं, योगासनं, नोकरी बदलणं, दारू, मित्रांशी बोलणं, देवाधर्माचं काही. कशाने थोडं बरं वाटलं आणि कशाने वाढलं, तेही लिहा.

चौथी, काय बदलायला हवं. ‘आनंदी व्हायचंय’ हे मोजता येत नाही. ‘रात्री साडेअकराला झोप लागावी’, ‘आईशी फोनवर भांडण न होता दहा मिनिटं बोलता यावं’, ‘लोकलने एकटीने प्रवास करता यावा’ हे मोजता येतं. दोन पुरेत.

पाचवी, जी तोंडाने सांगायला जड जाईल ती एक गोष्ट. ती फक्त दोन-तीन शब्दांत लिहा. जमलं नाही तर कागद पुढे सरकवता येतो. थेरपिस्टना याची सवय असते.

पान फोनमध्ये लिहिणार असाल तर घरातलं कोणी तो फोन उघडतं का, याचा आधी विचार करा.

कोणते कागद न्यावेत?

चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस आणि कधीपासून घेता ते. सगळ्यात सोपं म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो. यात केवळ मनाच्या गोळ्या धरू नका: थायरॉइड, रक्तदाब, गर्भनिरोधक, स्टेरॉइड, आयुर्वेदिक चूर्णं, आणि चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली झोपेची गोळीही सांगा. क्लोनाझेपामसारखी (घबराट आणि झोपेसाठी देतात ती) गोळी अनेक महिने रोज चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. ‘थेरपी सुरू होतेय, आता गोळ्या कशाला’ म्हणून भेटीच्या आदल्या आठवड्यात औषध सोडणारे खूप असतात. तसं करू नका. बदल करायचा तो औषध देणाऱ्या डॉक्टरला विचारूनच.

वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट असतील तर टीएसएच (थायरॉइडची चाचणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ हे तीन आकडे बघून ठेवा. थायरॉइड कमी पडलं की मरगळ येते, मन लागत नाही. जास्त झालं की धडधड आणि हातांना कंप. शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि थकवा, विसरभोळेपणा तिच्यामुळेही असू शकतो. थेरपिस्ट यावर उपचार करणार नाही, पण तुम्हाला आधी फिजिशियनकडे पाठवायचं का, हे ठरवू शकेल.

पूर्वीचं डिस्चार्ज कार्ड, मानसोपचाराच्या चिठ्ठ्या, चाचण्यांचे अहवाल असतील तर न्या. मूळ प्रती देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या.

भेटीआधी पाठवलेली प्रश्नावली कशी भरायची?

बहुधा ती पीएचक्यू-९ किंवा जीएडी-७ असेल. पहिलीत उदासीनतेबद्दल ९ प्रश्न, दुसरीत चिंतेबद्दल ७. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७ आणि २१. दोन्हींत *गेल्या दोन आठवड्यांबद्दल* विचारलेलं असतं, आणि चूक इथेच होते. लोक आजच्या मूडवर भरतात किंवा आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना आठवून भरतात. शेजारी नवरा किंवा आई बसलेली असताना भरू नका, उत्तरं आपोआप सौम्य होतात. आलेली बेरीज म्हणजे निदान नव्हे. चार-सहा आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून फरक पडला का ते बघायला ती जास्त उपयोगी पडते.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो खरा भरा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी दुसऱ्या थेरपिस्टकडे जात होते. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल?

सगळं नाही. जुन्या थेरपिस्टकडून एका पानाचा सारांश मागा: किती सेशन झाली, कोणती पद्धत वापरली, कशावर काम झालं. तुमच्या लेखी परवानगीने ते नव्या थेरपिस्टना थेट पाठवू शकतात. संबंध बिघडून सोडलं असेल आणि मागायची इच्छा नसेल तर तुम्हीच चार ओळी लिहा.

नव्या थेरपिस्टला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो या तीन उत्तरांचा: तिथे कशाचा फायदा झाला, काय खटकलं, आणि का थांबलात. ‘त्या फक्त ऐकायच्या, मला काही करायला द्यायच्या नाहीत’ किंवा ‘प्रत्येक वेळी वडिलांवरच गाडी जायची’ असं मोकळेपणाने सांगा. ही चुगली होत नाही. हे न सांगितल्यामुळेच तिसऱ्या महिन्यात तीच अडचण नव्या ठिकाणी उभी राहते. दोन थेरपिस्ट एकाच वेळी चालू ठेवू नका. ठेवले असतील तर दोघांनाही कळू द्या.

सगळं पहिल्याच दिवशी खरं सांगायचं का?

सगळं सांगायची गरज नाही. जे सांगाल ते खरं असावं. लैंगिक अत्याचार, गर्भपात, विवाहबाह्य संबंध, स्वतःची लैंगिक ओळख, हे विश्वास बसल्यावर तिसऱ्या किंवा दहाव्या भेटीतही येऊ शकतं. अत्याचाराचा तपशील तर पहिल्या दिवशी घाईने उकलू नये हेच बरं. एवढं उघडं करून घरी गेलात की रात्र कठीण जाते, आणि पुन्हा तिथे जायचीच भीती बसते. ‘लहानपणी एक वाईट गोष्ट घडली आहे, आज त्यावर बोलायचं नाही’ हे वाक्य पुरेसं आहे.

तीन गोष्टी मात्र पहिल्याच भेटीत सांगाव्यात: आत्महत्येचे विचार, दारू-गांजा-गोळ्यांचं खरं प्रमाण, आणि घरात मारहाण होत असेल तर ती. यांवर उपचाराची रचनाच बदलते. रोज क्वार्टर घेणाऱ्या माणसाने ‘कधीतरी’ म्हटलं तर झोपेसाठी सुचवलेला कुठलाच उपाय लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते कोणालाच कळत नाही. सेशनला पिऊन जाऊ नका. थेरपिस्ट त्या दिवशी सेशन घ्यायला नकार देऊ शकतात.

मरणाचे विचार येतात म्हटलं तर पोलीस बोलावतील? ॲडमिट करतील?

विचार येतात एवढ्यावर कोणी असं करत नाही. थेरपिस्ट शांतपणे पुढचं विचारतात: विचार किती वेळा येतो, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, काय तुम्हाला थांबवतं. मग तुमच्याबरोबर बसून सुरक्षेची योजना लिहितात. कीटकनाशक किंवा गोळ्या कोणाच्या ताब्यात द्यायच्या, विचार तीव्र झाला की कोणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयात जायचं. धोका लगेचचा वाटला तर घरच्या एका माणसाला कळवतात, आणि ते शक्यतो तुम्हाला सांगून.

थेरपिस्ट स्वतः कोणाला दाखल करू शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार तुमच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा करायची नसून तिची काळजी घ्यायची आहे.

मी बोललेलं घरी किंवा ऑफिसात कळेल का?

२०१७च्या कायद्याच्या कलम २३ने तुमच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिला आहे. तो मानसोपचारतज्ज्ञ आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना बांधतो. नोंदणी नसलेले समुपदेशक कायद्याच्या व्याख्येत सरळ येत नाहीत. तिथे गुप्तता व्यवसायाच्या नीतीवर आणि तुम्ही सही केलेल्या संमतीपत्रावर टिकून असते. म्हणून त्यांच्याकडे ती लेखी असावी असा आग्रह धरा.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत विचारावेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर. न्यायालयाने आदेश दिला तर (घटस्फोट किंवा मुलाच्या ताब्याचा दावा चालू असेल तर हे आधीच बोलून घ्या). आणि १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर: २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुम्ही आज प्रौढ आहात आणि स्वतःच्या लहानपणच्या प्रसंगाबद्दल बोलायचं आहे, तर तपशिलात शिरण्याआधी विचारा, ‘अशा वेळी तुम्ही काय करता?’ उत्तर ऐकून किती सांगायचं ते ठरवा.

कंपनीने दिलेली सेवा असेल तर कंपनीला नावं जातात की नुसते आकडे, हे थेरपिस्टला विचारा. एचआरच्या तोंडी भरवशावर राहू नका.

खरं तर गुप्तता थेरपिस्टच्या खोलीत फुटते त्यापेक्षा घरात जास्त फुटते. सामाईक खात्यातून केलेलं यूपीआय पेमेंट, लॉक स्क्रीनवर दिसणारी व्हॉट्सॲपची आठवण, घराच्या पत्त्यावर आलेली पावती. कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी मेसेज करायचा हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

नवरा किंवा आई बरोबर येतो म्हणतात. नेऊ का?

सोबत म्हणून न्या, पण खोलीत एकटे जा. नातेवाइकाकडून माहिती हवी असेल तर थेरपिस्ट शेवटची दहा मिनिटं त्यांना आत बोलावतील, तुम्हाला विचारून. ‘आम्हीच सगळं सांगतो, तिला काही सांगता येत नाही’ म्हणणारे नातेवाईक आत बसले की पेशंट गप्प होतो आणि तास वाया जातो. हे तुम्हाला तोंडावर म्हणता येत नसेल तर आधी मेसेज करून थेरपिस्टला सांगा. ते स्वतःच म्हणतील, ‘पहिली भेट एकट्याची असते.’

घर वन-बीएचके, माणसं सहा. ऑनलाइन सेशन कसं करू?

पहिलं सेशन शक्यतो प्रत्यक्ष करा. जमत नसेल तर जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला तपासा: आवाज बाहेर जातो का, रेंज आहे का. उभी केलेली गाडी, मैत्रिणीचं घर, सुट्टीच्या दिवशी रिकामं ऑफिस, गच्ची असे पर्याय लोक वापरतात. गच्चीवर वाऱ्याने माइकमध्ये घरघर येते आणि जिन्यात आवाज घुमतो, हे लक्षात ठेवा. वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथ मध्येच बंद पडतं किंवा आवाज स्पीकरवर फेकतं, आणि नको ते घरभर ऐकू जातं. दाराबाहेर टेबल फॅन किंवा रेडिओ लावला तर आतलं बोलणं बाहेर कळत नाही. वीज जाणाऱ्या गावात फोन पूर्ण चार्ज हवा आणि व्हिडिओ तुटला तर साध्या कॉलवर बोलायचं, हे आधी ठरलेलं हवं. कोणी अचानक आत आलं तर म्हणायचं एक वाक्य ठरवा, म्हणजे थेरपिस्ट लगेच विषय बदलतील.

चालत्या गाडीत किंवा लोकलमध्ये सेशन घेऊ नका.

रडू आलं किंवा तोंडून शब्दच फुटला नाही तर?

दोन्ही रोजचं आहे. रडताना कोणी घाई करत नाही. शब्द फुटत नसेल तर लिहिलेलं पान द्या, किंवा ‘मला प्रश्न विचारा, मी उत्तरं देते’ म्हणा.

आम्ही गुरुजींकडेही जातो, उपवास आणि पारायण चालू आहे. सांगू का?

सांगा. दर्गा, देवऋषी, पत्रिका, जे असेल ते. जाणता थेरपिस्ट त्यावर हसत नाही आणि ते बंदही करायला लावत नाही. त्यातून तुम्हाला बळ मिळतं की भीती वाढते, एवढं तो समजून घेतो. मात्र कोणी मानसिक आजाराचं औषध बंद करा म्हणून सांगितलं असेल, उपाशी ठेवत असतील, मारझोड होत असेल तर ते त्याच दिवशी थेरपिस्टला सांगा. गोळ्या चालू असताना कडक उपवास करणार असाल तर डॉक्टरला विचारा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याने पाणीही न पिता उपवास करणं धोक्याचं आहे.

फी परवडत नाही. आणि विमा?

मोठ्या शहरांत खासगी सेशनला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात, कुठे कमी, कुठे बरेच जास्त. आठवड्याला एक धरलं तर महिन्याचा खर्च काय होतो ते आधीच मांडा. दोन महिन्यांत पैसे संपून मध्येच थांबण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा असं सुरुवातीपासून ठरवलेलं बरं. ‘कमी फीच्या काही जागा ठेवता का?’ हे विचारायला संकोच नको. अनेक थेरपिस्ट ठेवतात.

सरकारी सोय आहे आणि ती वापरावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ओपीडी चालते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. केसपेपर सकाळी लवकर काढा आणि ‘सायकॉलॉजिस्टना भेटायचं आहे’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर फक्त औषधाची चिठ्ठी हातात पडते. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही १९९० मध्ये सुरू झालेली संस्था मराठीत काम करण्यासाठी ओळखली जाते.

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं २०१७चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात. ओपीडीतली थेरपी पॉलिसीत ओपीडी लाभ असेल तरच मिळते. पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक हवा.

मुलाला न्यायचं आहे. त्याला काय सांगू?

‘सर भेटायला बोलावतायत’, ‘डोळे तपासायचेत’ असं खोटं सांगून नेऊ नका. दारातच विश्वास जातो आणि मूल तोंड उघडत नाही. ‘तुला झोप लागत नाही, शाळेत जावंसं वाटत नाही, त्यावर मदत करणाऱ्या ताईंना भेटायचंय. इंजेक्शन नाही, गप्पा आहेत’ एवढं पुरे. अठरा वर्षांखाली पालकांची संमती लागते. पहिल्या भेटीचा मोठा भाग पालकांशीच असतो, म्हणून प्रगतिपुस्तक, शाळेचे शेरे आणि जन्माच्या वेळची माहिती जवळ ठेवा. किशोरवयीन मूल थेरपिस्टला जे सांगेल त्यातलं तुम्हाला काय कळवलं जाईल हे तिघांनी मिळून पहिल्याच दिवशी ठरवावं. घरी परतताना ‘काय विचारलं, काय बोललास?’ असं खोदून विचारू नका.

परदेशात राहतो, पण मराठी थेरपिस्ट हवा आहे.

अमेरिकेत सेशनच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथला परवाना थेरपिस्टकडे असावा लागतो. त्यामुळे तुमच्या राज्यात परवाना असलेली मराठी बोलणारी व्यक्ती आधी शोधा. भारतातल्या थेरपिस्टशी बोलणार असाल तर आणीबाणीत तिकडचं कोण धावून येईल, याचं नाव आणि नंबर पहिल्या भेटीत द्या. पुण्यात बसलेली व्यक्ती न्यू जर्सीत मदत पाठवू शकत नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीसाठी स्वतः नाव नोंदवता येतं आणि दुभाषी मागता येतो.

हा थेरपिस्ट माझ्यासाठी बरोबर आहे हे कसं ओळखू? नाही पटला तर?

पहिल्या भेटीनंतर हलकंच वाटेल असं नाही. थकवा येतो, कधी एक-दोन दिवस मन जास्त जड राहतं. त्यावरून निकाल लावू नका. घरी आल्यावर दोन ओळी लिहा: माझं ऐकलं गेलं का? मला न बोलता येणाऱ्या गोष्टीवर रेटलं तर नाही ना? पुढे काय करायचं ते समजलं का? बहुतेक वेळा तीन-चार भेटींत अंदाज येतो.

काही गोष्टींवर मात्र तीन भेटी थांबू नका. जात, धर्म, लैंगिक ओळख किंवा अविवाहित असण्यावरून टोमणा. समलैंगिकता ‘बरी करतो’ असा दावा. दुसऱ्या पेशंटची ओळख पटेल असं बोलणं. तुम्हाला न विचारता घरच्यांना फोन. स्पर्श, खासगी भेटीचं आमंत्रण, पैशांची उसनवारी. २० सेशनचे पैसे आधी भरा असा दबाव. थेरपिस्टने हे केलं तर चूक तुमची नाही. तिथून निघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआयकडे आणि डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते, म्हणून पावत्या आणि मेसेज जपून ठेवा.

नुसतं सूत जुळलं नाही, पण वागणं नीट होतं, तर तसं सांगून थांबता येतं. फोन करायला अवघड वाटत असेल तर एवढा मेसेज पुरतो: ‘नमस्कार. परवाच्या सेशनबद्दल आभार. मला थोड्या वेगळ्या पद्धतीची मदत हवी आहे असं वाटतं, म्हणून पुढची वेळ रद्द करत आहे. या विषयावर काम करणाऱ्या कोणाचं नाव सुचवू शकाल का?’ मेसेज रद्द करण्याच्या मुदतीच्या आत पाठवा, म्हणजे त्या सेशनची फी लागणार नाही.